तीन पायऱ्या आणि घरावरचा हक्क

मावशीला हॉस्पिटलमधून घरी आणायच्या आदल्या दिवशी मी टेप घेऊन तिच्या घरी गेले. अर्धांगवायूच्या झटक्याने तिची उजवी बाजू जवळजवळ निकामी झाली होती. पुढचे काही महिने, कदाचित कायमचीच, व्हीलचेअर लागणार होती. व्हीलचेअरची रुंदी चाकांसकट ६६ सेंटिमीटर. बाथरूमचं दार उघडल्यावर मिळणारी वाट ६४ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरसाठी माणूस स्वतःच्या घरात अंघोळीला जाऊ शकत नाही, हे त्या दिवशी जमिनीवर बसून टेप धरलेला असताना मला पहिल्यांदा कळलं. दार बिजागरीतून उतरवलं, फळीच्या जाडीइतकी जागा वाढली, ६८ झाली. तिथे पडदा लावला. घरातलं निभावलं.

खाली इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या. त्यांचं घरात बसून काही करता येईना, कारण त्या सोसायटीच्या होत्या. कमिटीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना भेटले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, नियम सगळ्यांना सारखाच आहे. पायऱ्या सगळेच चढतात. एकट्यासाठी वेगळं कसं करणार?" हे गृहस्थ काही दुष्ट नव्हते. मावशी कोसळली त्या रात्री गाडी काढून तेच धावले होते. त्यांना मनापासून वाटत होतं की ते न्यायानेच बोलताहेत.

नियम सगळ्यांना सारखा असला म्हणजे न्याय झाला, ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे की अपंगत्व असलेल्या माणसांचा घरावरचा हक्क नेमका तिथेच अडतो. म्हणून हा लेख. कायद्याची भाषा शक्य तितकी बाजूला ठेवून हा हक्क काय आहे, कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि तो मागायचा कसा, ते सांगायचा प्रयत्न करते.

आधी एक आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी माणसं लक्षणीय अपंगत्वासह जगतात. म्हणजे दर सहा माणसांत एक. यात जन्मापासून पाहू न शकणारे आहेत, अपघातात पाय गमावलेले आहेत, ऐकू न येणारे आहेत, मानसिक आजाराशी झुंजणारे आहेत, बौद्धिक अपंगत्व असलेले आहेत आणि वयाच्या सत्तरीत गुडघे धरलेलेही आहेत. या सगळ्यांना राहायला घर लागतं. आणि बहुतेक घरं बांधली जातात ती धडधाकट, तरुण, डोळस, ऐकू येणाऱ्या माणसाला समोर ठेवून.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. ३ मे २००८ पासून तो लागू झाला. भारताने त्याला २००७ मध्येच मान्यता दिली होती. आज जगातल्या बहुसंख्य देशांनी तो मान्य केलेला आहे. या करारामागचा विचार साधा आहे: माणसाचा पाय चालत नाही ही एक गोष्ट, आणि तो घराबाहेर पडू शकत नाही ही दुसरी. पहिली शरीरातली. दुसरी पायरीतली. पायरी माणसांनीच बांधलेली आहे, तेव्हा ती बदलताही येते.

या हक्काबद्दल बोलताना तीन वेगवेगळ्या गोष्टींची सतत सरमिसळ होते, आणि ती झाली की वाद भलतीकडेच जातो.

पहिली गोष्ट, उघड भेदभाव. "अंध आहात? गॅस कोण बघणार? आम्ही नाही देत घर." किंवा फोनवर जागा रिकामी असते आणि कुबड्या दिसल्यावर ती अचानक "कालच गेली" असते. किंवा घर मिळतं, पण डिपॉझिट दुप्पट मागतात. यावर फार समजावण्यासारखं काही नाही. हे चूक आहे आणि ज्या देशांत याविषयी कायदा आहे तिथे बेकायदेशीरही आहे.

दुसरी गोष्ट, सुगम्यता. म्हणजे इमारत बांधतानाच ती सगळ्यांना वापरता येईल अशी बांधणं. इथे अमुक एक माणूस समोर नसतो. उद्या कोण राहायला येईल ते माहीत नसतं, तरीही दार रुंद ठेवायचं.

तिसरी गोष्ट आहे 'रीझनेबल अकॉमोडेशन'. गोंधळ इथेच होतो आणि मला सर्वात जास्त बोलायचंय तेही याच्याबद्दल. अकॉमोडेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राहण्याची जागा येते, लॉजवरची पाटी येते. इथे त्या शब्दाचा तो अर्थ नाही. मी त्याला 'वाजवी सोय' म्हणते. एका ठरावीक माणसाला, त्याच्या ठरावीक गरजेपोटी, नियमात, पद्धतीत किंवा बांधकामात करून दिलेला आवश्यक तो बदल, असा त्याचा अर्थ. अट एकच, समोरच्यावर त्याचा अवाजवी भार पडता कामा नये. संयुक्त राष्ट्रांच्या करारातली दुसऱ्या कलमातली व्याख्या याच आशयाची आहे, आणि तिच्यातला सर्वात महत्त्वाचा भाग पुढचा आहे: अशी सोय नाकारणं हाच भेदभाव मानला जातो. वाईट हेतू असायची गरज नाही. तिरस्कार असायची गरज नाही. "नियम सगळ्यांना सारखा" असं प्रेमाने सांगून नाकारलं, तरीही तो भेदभावच.

हे पटायला जड जातं. मलाही गेलं होतं. म्हणून तीन प्रकरणं सांगते, तिन्ही न्यायालयांत किंवा आंतरराष्ट्रीय समितीसमोर गेलेली.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली एक मोठी सहकारी गृहसंस्था. घरं भरपूर, पार्किंग मोजकं. नियम असा की ज्याचा नंबर आधी लागला त्याला जागा आधी. प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची. तिथे राहणाऱ्या एका बाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता. चालताना तोल जायचा, थकवा यायचा, लघवीवर ताबा राहायचा नाही. गाडी लांब लावून चालत येणं म्हणजे रोजची परीक्षा. त्यांनी इमारतीतली एक जागा मागितली. संस्थेचं उत्तर होतं, रांगेत या, सगळे रांगेतच आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने बाईंच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाचं म्हणणं असं की रांगेचा नियम दिसायला निष्पक्ष असला तरी या बाईंना तो इतरांसारखं घर वापरू देत नाही, आणि सोय करून देताना संस्थेला थोडी झळ सोसावी लागली तर तीही कायद्याला अपेक्षितच आहे.

बाकीच्या रहिवाशांना गाडी लांब लावल्याने गैरसोय होते. या बाईंना त्यामुळे घराबाहेर पडणंच अशक्य होतं. रांग एकच, पण तिची किंमत दोघांना सारखी पडत नाही. माझ्या मते सगळा विषय या एका फरकात सामावलेला आहे.

दुसरं प्रकरण क्रोएशियातलं. एक कुटुंब तिसऱ्या मजल्यावर राहत होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती. त्यांना झालेलं बाळ अनेक प्रकारच्या तीव्र अपंगत्वासह जन्माला आलं. मूल वाढत गेलं तसं त्याला उचलून तीन मजले चढणं-उतरणं अशक्य होत गेलं. वडिलांनी फ्लॅट विकला आणि मुलाच्या गरजेचं घर घेतलं. तिथल्या कायद्याप्रमाणे राहण्याची गरज भागवण्यासाठी घर घेणाऱ्याला खरेदीवरच्या करात सूट मिळायची. कर खात्याने सूट नाकारली. कारण काय? तर आधीच्या फ्लॅटमध्ये वीज, हीटिंग वगैरे मूलभूत सोयी होत्याच, जागाही पुरेशी होती. म्हणजे त्यांची राहण्याची गरज आधीच भागलेली होती! खात्याने सर्वांना लावली जाणारी यादी लावली, खुणा केल्या, फाईल बंद केली. लिफ्टशिवाय हे मूल त्या घरात कोंडलेलं होतं, हे यादीत बसत नव्हतं. २०१६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. वेगळ्या परिस्थितीतल्या माणसाला सर्वांसारखंच वागवणं हासुद्धा भेदभाव असू शकतो, असं त्या निकालाचं सार.

तिसरं स्वीडनमधलं. एका बाईंना सांधे आणि ऊती अत्यंत नाजूक करणारा दुर्मीळ आजार होता. इजा होण्याच्या धोक्यामुळे त्या घराबाहेर जाऊच शकत नव्हत्या. त्यांना थोडाफार आराम देऊ शकेल असा उपचार म्हणजे कोमट पाण्यातले व्यायाम. त्यासाठी स्वतःच्याच जमिनीवर घराला जोडून छोटा तलाव बांधायची परवानगी त्यांनी मागितली. नगररचना आराखड्यानुसार त्या पट्ट्यात बांधकामाला मनाई होती, म्हणून नकार मिळाला. वरच्या न्यायालयांतही नकारच. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे गेलं आणि एप्रिल २०१२ मध्ये समितीने स्वीडनने कराराचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. आराखडा चुकीचा आहे असं समिती म्हणाली नाही. या एका व्यक्तीसाठी त्यात सवलत देता आली असती का, याचा विचारच झाला नाही, हा तिचा आक्षेप होता.

तिन्ही ठिकाणी नियम वाईट नव्हते. रांग, कराची यादी, आराखडा, सगळं रास्तच. वाजवी सोय म्हणजे नियम मोडीत काढणं असं कुणी म्हणत नाही. नियम ज्याच्यावर जास्त घाव घालतो त्याच्यापुरता तो थोडा वळवायचा, एवढंच मागणं असतं.

आता पैशांचा प्रश्न, कारण कुठल्याही मीटिंगमध्ये तो पहिल्या पाच मिनिटांत येतो.

अमेरिकेचा समान निवास कायदा १९६८ चा, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात सही झालेला. त्यात मूळात वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी होती. अपंगत्वाचा समावेश व्हायला १९८८ साल उजाडलं. त्या दुरुस्तीने एक उपयुक्त भेद केला. नियमातली सवलत ही एक गोष्ट आणि बांधकामातला बदल ही दुसरी. नियमातली सवलत, म्हणजे पार्किंगची राखीव जागा, भाडं पेन्शनच्या तारखेनंतर भरायची मुभा, 'पाळीव प्राणी चालणार नाहीत' या अटीतून मार्गदर्शक कुत्र्याला सूट, ही घरमालकाने द्यायची आणि तिच्यासाठी जादा पैसे घ्यायचे नाहीत. मार्गदर्शक कुत्रा हा पाळीव प्राणी धरला जात नाही, म्हणून त्याचं वेगळं डिपॉझिटही मागता येत नाही. बांधकामातला बदल मात्र, म्हणजे बाथरूममध्ये पकडदांडी, रुंद केलेलं दार, उतार, हा खाजगी इमारतीत साधारणपणे भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने करायचा. घरमालकाने अडवायचं नाही. घर सोडताना आतले काही बदल पूर्ववत करून द्या, अशी अट वाजवी असेल तिथे घालता येते. सरकारी मदतीवर चालणाऱ्या घरांत हा खर्चही सहसा मालकावरच येतो.

खर्च भाडेकरूवर टाकणं मला पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच हक्क, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून काही देशांत सरकार मधे येतं. इंग्लंडमध्ये घरात असे बदल करण्यासाठी स्थानिक प्रशासनाकडून अनुदान मिळतं. तरीही "स्वतःच्या पैशाने करतो, फक्त परवानगी द्या" एवढंसुद्धा कायद्याशिवाय मिळत नाही, हे जर्मनीत दिसलं. तिथे कमरेखाली लुळ्या पडलेल्या जोडीदारासाठी एका भाडेकरूला जिन्यावर स्वखर्चाने खुर्चीलिफ्ट बसवायची होती. घरमालक नाही म्हणाला. २००० साली जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने भाडेकरूचं म्हणणं उचलून धरलं, आणि पुढच्याच वर्षी असे बदल मागण्याचा हक्क भाडेकायद्यात आला.

नकार कधीच देता येत नाही का? येतो. मागितलेला बदल परवडण्यापलीकडचा असेल, किंवा त्यामुळे संस्थेच्या कामाचं स्वरूपच पालटत असेल, तर नाही म्हणता येतं. घरमालकाने भाडेकरूसाठी रोज बाजारहाट करावा, त्याला अंघोळ घालावी, ही अपेक्षा या हक्कात बसत नाही. दहा घरांच्या जुन्या इमारतीला नवी लिफ्ट बसवण्याचा खर्च कदाचित खरोखरच झेपणार नाही. पण झेपत नाही हे आकडे मांडून दाखवावं लागतं, अंदाजाने म्हणून चालत नाही. आणि नाही म्हटल्यावर विषय संपत नाही. मग दुसरं काय करता येईल, यावर दोघांनी बोलायचं असतं. लिफ्ट शक्य नाही, पण तळमजल्यावरचं घर रिकामं होतंय, तिथे बदली देता येईल का? माझ्या अनुभवात बहुतेक प्रश्न या दुसऱ्या टप्प्यात सुटतात. आणि बहुतेक ठिकाणी लोक पहिल्या टप्प्यातच रागावून उठून जातात.

काही कारणं मात्र कारणंच नसतात. "तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील" हे त्यातलं सर्वात लाडकं. सगळे मागणार नाहीत, कारण सगळ्यांना गरज नाही. आणि ज्यांना आहे त्यांनी मागितलं, तर त्यांचाही विचार करायचाच आहे. "इमारतीची शोभा जाईल" हे दुसरं. "बाकीच्या सभासदांना चालणार नाही" हे तिसरं.

या तिसऱ्या कारणाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ते पायऱ्यांपेक्षा मोठा अडथळा आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत टेक्सासमधल्या क्लेबर्न शहरात बौद्धिक अपंगत्व असलेल्या काही जणांसाठी एकत्र राहायचं घर सुरू करायचा प्रस्ताव आला. शहराने खास परवाना मागितला आणि तो नाकारला. त्याच जागी इतरांची भाड्याची घरं, विद्यार्थ्यांचं वसतिगृह किंवा हॉस्पिटल असतं, तर असा परवाना लागलाच नसता. कारणं दिली गेली: शेजाऱ्यांना भीती वाटते, समोर शाळा आहे, तिथली मुलं या लोकांना त्रास देतील, पाचशे वर्षांतून एकदा पूर येईल अशा पट्ट्यात ही जागा येते. त्या समोरच्या शाळेतच बौद्धिक अपंगत्व असलेले सुमारे ३० विद्यार्थी शिकत होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही परवान्याची अट रद्द केली, कारण तिच्या मुळाशी निव्वळ पूर्वग्रह होता. शेजाऱ्यांची भीती खरी असेल, तिच्याबद्दल त्यांच्याशी बोलता येईल. पण कुणाला राहू द्यायचं हे तिच्यावर ठरवता येत नाही.

व्हीलचेअर डोळ्यांना दिसते, म्हणून या विषयात तिचंच चित्र पुढे येतं. बाकीच्यांच्या गरजा कित्येकदा जवळजवळ फुकटात भागतात. ऐकू न येणाऱ्यांना दारावरच्या घंटेला जोडलेला लुकलुकणारा दिवा आणि आग लागल्याची सूचना देणारा तसाच दिवा पुरतो. अंध रहिवाशाला लिफ्टच्या बटणांवर ब्रेल, मजला सांगणारा आवाज आणि जिन्यात सायकली न लावायची शिस्त हवी असते. ज्याला अक्षर वाचायला अवघड जातं, त्याला सोसायटीची सूचना फोनवर बोलून सांगितली की काम होतं. नैराश्याच्या तीव्र झटक्यात हॉस्पिटलात असताना ज्याचं भाडं थकलं, त्याला घर खाली करायच्या नोटिशीआधी हप्त्यांची मुभा मिळाली तर त्याचं छप्पर वाचतं. शेवटचं उदाहरण लोकांना सर्वात कमी पटतं. पण घर जाण्याची वेळ सर्वात जास्त याच लोकांवर येते, असं मी पाहिलंय.

इथवर आपण घर मिळण्याबद्दल आणि वापरता येण्याबद्दल बोललो. त्याच्याही आधीचा एक हक्क आहे, तो म्हणजे घरात राहण्याचाच. कराराचं १९ वं कलम सांगतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं ते अपंगत्व असलेल्या व्यक्तीने स्वतः ठरवायचं. तिला एखाद्या ठरावीक संस्थेतच राहायला भाग पाडता येणार नाही. हे लिहावं लागलं, कारण पिढ्यानपिढ्या याच्या उलट चालत आलं. एड रॉबर्ट्स यांना वयाच्या १४ व्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळजवळ हलेना, आणि श्वासासाठी रोज तासन् तास लोखंडी यंत्रात झोपावं लागायचं. १९६२ साली ते कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्या सुमारे ३६० किलोच्या यंत्राचं वजन पेलेल अशी खोली वसतिगृहात नव्हती. त्यांना आवारातल्या हॉस्पिटलच्या एका भागात ठेवलं गेलं. मागोमाग तसेच आणखी विद्यार्थी आले. हॉस्पिटलच्या त्या खोल्यांत बसून त्यांनी स्वतःच्या मदतनिसांची, स्वतःच्या वेळापत्रकाची, बाहेर घर घेऊन राहण्याची आखणी केली. १९७२ मध्ये बर्कलीत स्वतंत्र जीवन केंद्र उभं राहिलं आणि तिथून ही चळवळ जगभर गेली. स्वतंत्र म्हणजे सगळं एकट्याने करणं नाही, हे त्यांनी शिकवलं. मदत कुणाची, केव्हा आणि कशी घ्यायची ते मी ठरवणार, हे त्यांच्या मते स्वातंत्र्य. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्यातल्या दोन स्त्रियांच्या प्रकरणात हेच कायद्याच्या भाषेत मांडलं: बाहेर समाजात राहू शकतील असं डॉक्टर सांगत असताना त्यांना विनाकारण हॉस्पिटलात डांबून ठेवणं हा भेदभाव आहे.

हे सगळे वाद कमी करायचे असतील, तर घर बांधतानाच विचार करावा लागतो. रोनाल्ड मेस नावाचे वास्तुरचनाकार स्वतः लहानपणापासून पोलिओमुळे व्हीलचेअर वापरत. विद्यापीठात शिकताना जिने चढायला त्यांना उचलून न्यावं लागे. पुढे 'युनिव्हर्सल डिझाइन' हा शब्द त्यांनीच रूढ केला: अपंगांसाठी वेगळं काही बांधू नका, जे बांधाल ते सगळ्यांना वापरता येईल असं बांधा. १९८७ मध्ये अटलांटात एलिनॉर स्मिथ यांनी सुरू केलेल्या मोहिमेचं मागणं तर याहून छोटं होतं. प्रत्येक नव्या घराला एक तरी बिनपायरीचं दार, आतली दारं व्हीलचेअर जाईल एवढी रुंद आणि मुख्य मजल्यावर एक वापरता येईल असं टॉयलेट. म्हणजे निदान पाहुणा म्हणून तरी कुणालाही कुणाच्याही घरी जाता येईल.

अमेरिकेच्या १९८८ च्या दुरुस्तीने चार किंवा अधिक घरांच्या नव्या इमारतींसाठी ज्या अटी घातल्या, त्यातली एक मला फार आवडते. बाथरूमच्या भिंती आतून मजबूत करून ठेवायच्या. पकडदांडी लावायची सक्ती नाही. पण उद्या कुणाला लावावीशी वाटली तर भिंतीने भार पेलला पाहिजे. हे काम भिंत उघडी असताना अगदी थोडक्यात होतं. टाइल लागल्यावर तेच करायचं तर तोडफोड आलीच. मावशीच्या बाथरूममध्ये दांडी लावताना पहिलं भोक पाडलं आणि आतली पोकळ वीट भुगा होऊन खाली आली. शेवटी छतापासून जमिनीपर्यंत एक खांब बसवावा लागला.

भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात वाजवी सोयीची व्याख्या आहे, आणि ४४ व्या कलमानुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. अडचण अशी होती की ते निकष बरेचसे ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वांसारखे लिहिलेले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवलं आणि किमान निकष सक्तीचे करायला सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

आता मागायचं कसं, ते सांगते. तोंडी मागू नका. तोंडी मागितलं की उत्तरही तोंडी मिळतं आणि दोन महिन्यांनी "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" असं होतं. अर्ज एका पानाचा पुरे. त्यात तीन गोष्टी हव्यात: अपंगत्वामुळे घर किंवा इमारत वापरताना नेमकी काय अडचण येते, नेमका कोणता बदल हवा, आणि त्या बदलाने ती अडचण कशी दूर होते. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि तिथेच अर्ज अडतो. पूर्ण वैद्यकीय इतिहास द्यायची गरज नसते. डॉक्टरांच्या पत्रात "या व्यक्तीला पायऱ्या चढता येत नाहीत, बिनपायरीची वाट आवश्यक आहे" एवढं आलं की झालं. आजाराचं नाव, औषधं, किती दिवस जगणार, हे कमिटीने विचारू नये. अपंगत्व डोळ्यांना दिसत असेल, तर पत्राचाही आग्रह धरू नये. अर्जावर पोच घ्या आणि लेखी उत्तर मागा.

मावशीसाठी मी दुसऱ्यांदा गेले ते असा अर्ज घेऊन. तीन पायऱ्या, एकूण उंची ४५ सेंटिमीटर. उताराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला ५४० सेंटिमीटर लांबीचा उतार, वर-खाली व्हीलचेअर थांबेल अशी सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. हे सगळं कागदावर चित्र काढून दिलं. ते ज्येष्ठ गृहस्थ चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढा लांब लागतो? आम्हाला वाटलं, एक फळी टाकायची म्हणताय." त्यांच्या मनात ते तीव्र उताराच्या फळीवरून घसरणारी व्हीलचेअर बघत होते, आणि म्हणून नाही म्हणत होते.

अकरा दिवसांनी लेखी उत्तर आलं. उतार करायला हरकत नाही, खर्च सोसायटीने आणि आम्ही निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा, काम पाऊस थांबल्यावर. तोवर मागच्या बाजूचं फाटक, जिथे पायऱ्या नाहीत पण कायम कुलूप असतं, त्याची एक किल्ली मावशीला. मागच्या फाटकाची वाट कचऱ्याच्या डब्यांजवळून जाते. कायमचं उत्तर म्हणून ते मी मान्य केलं नसतं, आणि मावशीनेही नाही. म्हणून आम्ही खाली एक ओळ लिहून सही केली: ही सोय तात्पुरती आहे, पुढच्या दाराचा उतार पूर्ण होईपर्यंत. किल्ली तिने गळ्यातल्या दोरीत अडकवली, कारण उजव्या हाताने तिला पर्स उघडता येत नाही.